कृष्णगिरीची फेरी

श्रावणांतील तिसऱ्या सोमवारीं त्र्यंबकेश्वरास ब्रह्मगिरीची फेरी करण्याची आपल्या लोकांत जुनी चाल आहे. ज्या डोंगरांत गोदावरी उगम पावते त्या डोंगरास उजवी घालून सहस्रावधि माणसें पायीं चालत जातात. यांत केवळ पुण्याची आशा नाहीं. ज्याच्या अंगावरचें पाणी आपण पितों त्याची वर्षांतून एकदां तरी आठवण ठेवावी, असा शहाणपणाहि या चालींत आहे, असें आम्हांस वाटतें. मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या लोकांच्या दाराशींहि असा एक डोंगर आहे. त्याच्या आश्रयानें एक नव्हे, चार नद्या निघतात. परंतु त्याची फेरी कोणी केल्याचें आमच्या ऐकिवांत नव्हतें. तेव्हां ती आपणच करावी असें आम्हीं ठरविलें.

या डोंगरास कान्हेरीच्या प्राचीन शिलालेखांत ‘कण्हसेल’ म्हणजे कृष्णशैल म्हटलें आहे. कृष्णगिरि हें नांव त्यावरूनच आलें. पुढें तेथील अरण्य ‘बोरीवलीचें राष्ट्रीय उद्यान’ या नांवानें ओळखलें जाऊं लागलें, व आज तें संजय गांधी राष्ट्रीय उद्यान होय. त्याचा विस्तार सुमारें १०४ चौरस किलोमीटर आहे. पूर्वेस मुलुंड व भांडुप, दक्षिणेस पवई, पश्चिमेस गोरेगांव, कांदिवली व बोरीवली, उत्तरेस घोडबंदर आणि ठाणें, अशी वस्ती त्याला चोहोंकडून भिडली आहे. सोमवारीं उद्यानाचे दरवाजे बंद असतात, म्हणून आम्हीं मंगळवार धरला. घरांत कोणास शाळा, कोणास कचेरी, कोणास मंगळागौरीची तयारी. तेव्हां मोटार घेऊन एकट्यानेंच निघावयाचें ठरलें. निघतांना काकूंनी हातांत तांब्याचा लहान गडू ठेवला व त्या म्हणाल्या, “फेरीला निघाला आहेस, तर रिकाम्या हातानें येऊं नकोस. तीर्थ घेऊन ये.”

प्रदक्षिणेंत देव उजव्या हातास असावा लागतो. आपल्याकडे मोटार हांकणाराची बैठकहि उजवीकडेच, ही सोय चांगली झाली. सकाळीं सहाच्या सुमारास मुलुंडाहून लालबहादुर शास्त्री मार्गानें दक्षिणेकडे निघालों तेव्हां पाऊस नुकताच उघडला होता. इमारतींच्या फटींतून डोंगर मधूनमधून दिसे व पुन्हां लपे. भांडुप मागें पडून पवईकडे वळलों तों उजवीकडे पवईचा तलाव लागला. १८९० च्या सुमारास मुंबईस पाणी पाजण्यासाठीं तो बांधला, परंतु त्याचें पाणी पिण्याजोगें ठरलें नाहीं. तेव्हांपासून तें पिण्यासाठीं वापरीत नाहींत.

पिण्याच्या पाण्याचा खरा तलाव त्याच्या वरच्या अंगास, झाडींत आहे. १८५४ सालीं मुंबईंत पाण्याचा असा दुष्काळ पडला कीं, बाहेरून आगगाडीनें व होड्यांनीं पाणी आणावें लागलें. त्यानंतर १८५६ सालीं विहारच्या धरणास आरंभ झाला व १८६० सालीं तें पुरें झालें. शहराला नळाचें पाणी मिळालें तें या डोंगरांतून. पुढें १८७९ सालीं त्याच्या वर तुळशीचा तलाव झाला. आज मुंबईस सात तलावांचें पाणी येतें व त्यांतील पांच दूर ठाणें-नाशिकच्या बाजूस आहेत. तरी विहार रोज सुमारें ९ कोटि लिटर आणि तुळशी १ कोटि ८० लाख लिटर पाणी अद्याप देतच आहेत. मोठ्या कुटुंबांत कर्ते मुलगे मिळवूं लागले तरी घरांतील वृद्ध पुरुष आपलें निवृत्तिवेतन महिन्याच्या महिन्यास आणून देतो, तसें हें आहे.

विहार आणि पवई भरून वाहूं लागले म्हणजे जें पाणी निघतें तीच मिठी नदी. ही आमच्या फेरींतील पहिली नदी. पवईच्या फिल्टरपाड्याशीं आम्ही गाडी थांबविली व खालीं वाकून पाहिलें. दोन्ही कांठांस झोपड्या व घरें दाटलेलीं, मध्यें करड्या रंगाचा प्रवाह. उगमापासून अर्ध्या कोसावर नदीची ही स्थिति! ता. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला व हीच मिठी रस्त्यांवरून आणि घरांतून वाहिली. त्या रात्रीं आमच्या घरचीं दोन माणसें परत आलीं नाहींत. दुसऱ्या दिवशीं दुपारीं तीं गुडघ्यापर्यंत चिखलानें माखून दारांत उभीं राहिलीं तेव्हां कोठें घरांत चूल पेटली. मिठी नांवाची नदी मुंबईंत आहे, हें आमच्यासारख्या अनेक शिकल्यासवरल्या लोकांस त्या दिवशींच प्रथम समजलें.

तेथून आरेच्या रस्त्यास लागलों. स्वातंत्र्यानंतर लवकरच, १९४९ सालीं, शहरांतील गाईम्हशींचे गोठे बाहेर नेण्यासाठीं येथें दुग्धवसाहत वसविली गेली. शहराच्या गलबल्यांतून माणूस पांच मिनिटांत अशा गर्द सावलींत येतो कीं, त्यास आपण चुकून दुसऱ्या जिल्ह्यांत आलों कीं काय असें वाटावें. याच झाडांसाठीं २०१९ च्या आक्टोबरांत मोठा लढा झाला. मेट्रोच्या कारशेडसाठीं रातोरात झाडें तोडलीं गेलीं व तरुण मुलेंमुली पोलिसांनीं पकडून नेलीं. ओशिवरा नदी याच बाजूस उगम पावते. ही दुसरी. गोरेगांवास पोचेपर्यंत तिचाहि नाला होतो.

पश्चिम द्रुतगति महामार्गानें उत्तरेस जातांना मालाड-कांदिवलीपलीकडे तिसरी नदी लागते, ती पोयसर. आम्हीं गाडी बाजूस घेऊन एका फळवाल्यास विचारलें, “ही पोयसर नदी कोठून ओलांडतों हो आपण?” तो हंसून म्हणाला, “नदी कुठली साहेब, नाला म्हणा. हा काय, तुमच्या मागेंच.” त्याचा दोष नव्हता. ज्यांत आपण फक्त टाकतों आणि ज्यांतून कांहींच घेत नाहीं, त्यास लोक नदी कां म्हणतील?

बोरीवलीच्या दरवाज्याशीं गाडी ठेवून उद्यानाच्या बसनें कान्हेरीकडे निघालों. हें अंतर सुमारें सहा किलोमीटर आहे. आमच्यासारख्या कुटुंबांचें या उद्यानाशीं नातें म्हणजे ‘वनराणी’ ही छोटी आगगाडी, पिंजऱ्याच्या गाडींतून पाहिलेले वाघ आणि गवतावरचें वनभोजन. पण तेवढें पाहून परतणें म्हणजे देवळाच्या ओट्यावर बसून गाभारा न पाहतां परत येण्यासारखेंच होय. आंत वारली व इतर आदिवासींचे पाडे आहेत. उद्यान होण्यापूर्वीपासून ते येथें आहेत. बिबटेहि आहेत, २०१५ सालीं यंत्रांनीं छायाचित्रें घेऊन त्यांची गणना केली तेव्हां ३५ भरले. एवढ्या मोठ्या शहराच्या पोटांत एवढे बिबटे राहतात हें ऐकून परदेशचे लोक चकित होतात. आपण मात्र एखादा बिबट्या सोसायटीच्या आवारांत दिसला तरच त्याचें नांव काढतों.

कान्हेरीस एकंदर १०९ लेणीं आहेत. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकापासून हजारबाराशें वर्षें येथें भिक्षूंची वस्ती होती. गौतमीपुत्र यज्ञश्री सातकर्णीच्या काळांतील मोठें चैत्यगृह, त्याच्या ओसरींत दोहों बाजूंस उभ्या असलेल्या बुद्धाच्या सुमारें सात मीटर उंचीच्या मूर्ति, अकरा मस्तकांचा अवलोकितेश्वर, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळचे लेख, अकराव्या शतकांत येथें येऊन गेलेल्या पारशी लोकांनीं पहलवी लिपींत कोरून ठेविलेलीं नांवें, हें सर्व पाहण्याजोगें आहेच. परंतु श्रावणांत आलेल्या माणसाचें लक्ष वेधून घेतात त्या तेथील पाण्याच्या टांक्या. बहुतेक प्रत्येक लेण्याच्या दाराशीं खडकांत टांकें खोदलेलें आहे. माथ्यावरचें पावसाचें पाणी लहानलहान पन्हळींनीं त्यांत उतरविलें आहे. जुन्या लेखांत या टांक्यांस ‘पोढी’ म्हटलें आहे. कल्याण, सोपारा अशा बंदरांच्या व पेठांच्या व्यापाऱ्यांनीं लेणीं व पोढी खोदविण्यास द्रव्य दिलें व आपलीं नांवें दगडावर कोरविलीं. लेणें दान केलें कीं त्याबरोबर पाणीहि दान करावयाचें, असा त्यांचा हिशेब दिसतो. ज्या डोंगरास वर्षांतून चार महिने पाणी मिळतें त्यावर शेंकडों माणसें बारा महिने राहिलीं तीं याच व्यवस्थेवर. आम्हीं पाहिलें त्या दिवशीं टांक्या कांठोकांठ भरलेल्या होत्या. खोदणारे गेले, राहणारे गेले, पण पन्हळी अजून आपलें काम करीत आहेत.

एका ओसरींत बसून थालिपीठाचा डबा सोडला. तेथील माकडांचा आमच्या डब्यावर आमच्याइतकाच हक्क असल्याचें त्यांनीं लवकरच पटवून दिलें. जेवण आटोपतें घेऊन खालीं उतरलों. परततांना वाटेंत, जेथें दहिसर नदी रस्त्याच्या जवळून वाहते तेथें उतरलों. ही चौथी नदी तुळशी तलावापासून निघते व सुमारें बारा किलोमीटर वाहून मनोरीच्या खाडीस मिळते. पाणी गार व इतकें स्वच्छ होतें कीं तळचे गोटे मोजून घ्यावे. काकूंचा गडू तेथें भरला.

मग गाडी घेऊन पुन्हां उत्तरेस निघालों व दहिसरच्या पुलाशीं थांबलों. तीच नदी खालीं होती. काळें पाणी, पिशव्या आणि उग्र वास. हातांतील गडूकडे पाहिलें आणि खालीं पाहिलें. मध्यें अंतर थोड्या किलोमीटरांचें. तेवढ्यांत नदीस काय झालें तें कोणी परक्यानें केलेलें नव्हतें. दिवसभरांत आम्हांस आलेला राग प्रथम दुसऱ्यांवर होता, तो येथें आपल्या स्वयंपाकघराच्या मोरीपर्यंत येऊन पोचला. आमच्या घरचें सांडपाणी कोठें जातें हें आम्हीं आजवर कधीं विचारलें नव्हतें, ही गोष्ट आम्हांस तेथें उभें असतां उमगली.

पुढचा रस्ता रम्य आहे. घोडबंदरास, जेथें पूर्वीं अरबी घोड्यांचा व्यापार चाले व जेथील किल्ला १७३७ सालीं चिमाजी अप्पांच्या मोहिमेंत मराठ्यांनीं पोर्तुगीजांपासून घेतला, तेथें डावीकडे खाडी व उजवीकडे डोंगर असा देखावा लागतो. गायमुखाच्या घाटांत ढग रस्त्यावर उतरले होते. या फेरीस दिवस लागला, पण लवकरच डोंगराच्या पोटांतून थेट जाण्याची सोय होणार आहे. गोरेगांव-मुलुंड आणि ठाणें-बोरीवली या दोन जुळ्या बोगद्यांचें भूमिपूजन २०२४ च्या जुलैंत झालें. तासाची वाट मिनिटांवर येईल व रोज जाणाऱ्याचा जीव वाचेल, हें खरें. परंतु डोंगर डोळ्यांआड गेला म्हणजे मनाआडहि जाईल, ही भीति आम्हांस वाटते. ज्यास डोंगर दिसत नाहीं तो नदीस नाला म्हणणारच.

सायंकाळीं ठाण्यावरून मुलुंडास परत आलों तेव्हां मोटारीनें सारे साठ-पासष्ट किलोमीटर झाले होते. काकूंनीं गडू हातांत घेतला, डोळ्यांस पाणी लावलें व विचारलें, “कुठल्या नदीचें रे?”

“दहिसर,” आम्ही म्हणालों.

“दहिसरला नदी आहे?” त्या आश्चर्यानें म्हणाल्या. दहिसरच्या लग्नांस आणि मुंजींस गेलीं पन्नास वर्षें जात आलेल्या बाईंचा हा प्रश्न होता.

गडू रात्रीं देवघरांत राहिला. वाचकांस आमचें सांगणें एवढेंच कीं, पुढच्या श्रावणांत घरांतील मुलांस घेऊन ही फेरी एकदां करावी. पुण्याचा हिशेब आमच्यापाशीं नाहीं. चार नद्यांचीं नांवें मात्र मुलांच्या तोंडीं बसतील. आणि घरीं परत आल्यावर मोरीचें पाणी कोठें जातें, तें आपल्या आळींत एकदां विचारून पाहावें. आम्हीं दुसऱ्याच दिवशीं सकाळीं विचारावयास आरंभ केला आहे.