मुळातली भिंत

मुलांनो, श्रावणात उमरेडहून भिवापूरकडे जाण्याचा योग आला, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंची शेते नीट पाहा. एखाद्या बांधीत घोटाभर पाणी साचलेले असते आणि त्यात धान हिरवेगार उभे असते. जवळच्याच शेतात मिरची किंवा तूर असते. तिथला शेतकरी मात्र पाऊस थांबताच फावडे घेऊन चर खणू लागतो. पाणी लवकर बाहेर निघाले नाही, तर झाडे माना टाकतील हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. पाऊस एकच, मातीही तीच. मग तेच पाणी एका पिकाला मानवते आणि दुसऱ्याला मारते, असे का?

याचे उत्तर मुळात आहे. तुम्ही घरी उर्दूत ज्याला 'जड' म्हणता, त्यालाच मराठीत 'मूळ' म्हणतात. मराठीत 'जड' म्हणजे वजनदार. यांची गल्लत करू नका, नाहीतर 'जड दप्तर' म्हणजे मुळांनी भरलेले दप्तर होईल!

मूळ पाणी शोषून घेते, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. पण मूळ म्हणजे नुसती नळी नव्हे. जमिनीतल्या पाण्यात उपयोगी क्षार असतात, तसे नको असलेले क्षारही असतात. रोग पसरवणाऱ्या बुरशी आणि जिवाणू असतात. यातले काय आत घ्यायचे आणि काय बाहेर ठेवायचे, हे झाडाला ठरवावे लागते. त्यासाठी मुळात एक भिंत असते.

ती कशी असते? तुमच्या ओळखीची एखादी जुनी बांधलेली विहीर आठवा. वरून वाकून पाहिले की दगडांचे गोल कडे दिसते. मूळ आडवे कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तर तसेच पेशींचे कडे दिसते. त्याला अंतस्त्वचा म्हणतात. कड्याच्या आत पाणी वर नेणाऱ्या वाहिन्या असतात. विहिरीच्या दगडांमधल्या फटी चुन्याने बुजवतात, त्याप्रमाणे या पेशींमधल्या फटी लिग्निन नावाच्या पदार्थाने बुजलेल्या असतात. लाकडाला कणखर करणारा पदार्थ तो हाच. फटी बुजल्यामुळे पाणी आणि क्षार दोन पेशींच्या मधून चोरट्या वाटेने आत शिरू शकत नाहीत. त्यांना पेशीतून जावे लागते आणि पेशीच्या पातळ पटलावर त्यांची तपासणी होते. रॉबर्ट कास्पारी या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६५ साली या बुजलेल्या पट्टीचे वर्णन केले. म्हणून तिला 'कास्पारी पट्टी' असे नाव पडले.

पट्टी दिसली, पण ती बांधतो कोण? हे कळायला पुढे जवळजवळ दीडशे वर्षे लागली.

झाडाच्या प्रत्येक पेशीत जनुके असतात. जनुक म्हणजे पेशीसाठी लिहून ठेवलेली सूचना असे समजा. आश्चर्य असे, की भिंत बांधण्याची सूचना मुळाच्या सर्वच पेशींत असते. पण ती वाचली जाते फक्त त्या एका कड्यात. संशोधनासाठी शास्त्रज्ञांनी मोहरीच्या कुळातले एक चिमुकले रोप निवडले. त्याचे नाव ॲराबिडॉप्सिस. २०११ साली त्यात 'कॅस्प' नावाची प्रथिने सापडली. गवंडी बांधकामाआधी सूत लावून रेघ आखतो. तसे हे कॅस्प पेशीच्या पटलावर एका रेषेत गोळा होतात. मग लिग्निन नेमके त्या रेषेवर बसते. २०१५ साली या कामाचा मुकादमही सापडला. 'मिब ३६' हे त्या जनुकाचे नाव. ते नादुरुस्त असेल, तर कॅस्प तयार होत नाहीत आणि पट्टी बनत नाही. उलट, शास्त्रज्ञांनी हेच जनुक मुळाच्या इतर पेशींत जागे केले, तेव्हा ज्या पेशींचा भिंतीशी काही संबंध नव्हता, त्यांच्यातही कॅस्प तयार होऊ लागले!

मला स्वतःला मात्र यापेक्षा २०१७ साली लागलेला शोध जास्त आवडतो. भिंत पूर्ण झाली, हे आंधळ्या मुळाला कळते कसे? त्याची युक्ती फार साधी आहे. कड्याच्या आतल्या पेशी प्रथिनाचे अगदी लहान तुकडे तयार करून सोडतात. ते ओळखणारा पहारेकरी कड्याच्या बाहेरच्या अंगाला बसलेला असतो. भिंतीला फट आहे तोवर तुकडे बाहेर झिरपतात आणि पहारेकऱ्याला भेटतात. तो पेशीला सांगतो, "अजून गळते आहे, काम चालू ठेवा." शेवटची फट बुजली की तुकडे आतच अडकतात. निरोप थांबतो आणि कामही थांबते. माठ गळतो का हे पाहायला आपण त्यात पाणी भरून ठेवतो ना? मूळ नेमके तेच करते.

या पट्टीशिवाय मुळात दुसरे एक अस्तरही असते. ते सुबेरिनचे. अत्तराच्या बाटलीचे बूच पाण्याला दाद देत नाही, ते याच सुबेरिनमुळे. पेशींवर सुबेरिन चढले की त्यांतून आत-बाहेर जाणे अवघड होते. हे अस्तर झाड गरजेप्रमाणे कमीजास्त करते. जमिनीत लोह कमी पडले, तर ते काही पेशींवरून अस्तर उतरवते, म्हणजे लोह शिरायला वाट होते. सगळी दारे कायमची लावून घेतली, तर झाड उपाशी मरेल.

आता बांधीकडे परत येऊ. जमीन पाण्याने भरली की मातीतल्या बारीक पोकळ्यांतली हवा निघून जाते. हवेच्या मानाने पाण्यातून ऑक्सिजन सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. मातीत जो थोडा उरतो, तो जिवाणू संपवतात. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मिरचीची आणि तुरीची मुळे अशा वेळी गुदमरतात. आजूबाजूला पाणी असूनही पाने सुकतात, ती यामुळेच.

धानाने यावर तोड काढली आहे. त्याच्या मुळात लांबच लांब हवेच्या पोकळ्या असतात. पानांकडून आलेला ऑक्सिजन त्यांतून खाली मुळाच्या टोकापर्यंत जातो. पण नळीला भोके असतील, तर पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोहोचेल का? तसा ऑक्सिजनही वाटेतच चिखलात गळून गेला असता. म्हणून धान मुळाच्या बाहेरच्या बाजूला आणखी एक भिंत उभी करते. तिच्यात सुबेरिन भरलेले असते. गंमत म्हणजे ही भिंत नेहमी नसते. तेच बियाणे मोकळ्या, हवेशीर जमिनीत पेरले, तर ती नीट बनत नाही. पाणी साचले की मूळ ती सूचना उघडून वाचते आणि कामाला लागते.

जपानमधील शास्त्रज्ञांनी धानाचा एक दुबळा प्रकार तपासला. त्याला फुटवे कमी येत. त्याचे 'आरसीएन १' नावाचे जनुक बिघडलेले होते. साचलेल्या पाण्यासारख्या स्थितीत वाढवल्यावर त्याच्या बाहेरच्या भिंतीत सुबेरिन नीट भरले नाही आणि मुळे आखूड राहिली. २०१४ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. सुबेरिनचा माल वाहून नेणाऱ्या हमालाची सूचना त्या जनुकात असावी, असे दिसते.

मग ही भिंत इतर पिकांना देता येईल का? मक्याच्या बाबतीत एक पाऊल पडले आहे. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा देशाच्या पाणथळ किनाऱ्यावर मक्याचा एक रानटी भाऊबंद उगवतो. त्याच्या मुळांत अशी भिंत आहे. त्याचा मक्याशी संकर करून तिसऱ्या गुणसूत्राचा एक तुकडा मक्यात आणला गेला आणि त्या मक्याच्या मुळांनीही भिंत बांधली. पण एवढ्याने सारे भागत नाही. मुळात हवेच्या पोकळ्याही हव्यात आणि अन्न आत घेण्याची वाटही मोकळी हवी. तेव्हा आपल्याकडे मिरचीच्या शेतात आज तरी चर खणावाच लागतो.

रोवणीनंतर महिन्याभराने शेतमालकाला विचारून धानाचे एक रोप हलक्या हाताने उपटा आणि पाण्यात धुवा. काही मुळांवर तांबूस गंज दिसेल. चिखल कितीही धुतला तरी तो जात नाही. मुळाच्या कोवळ्या टोकाला अजून भिंत झालेली नसते. तिथून थोडा ऑक्सिजन बाहेर पडतो, चिखलातल्या लोहाला भेटतो आणि त्याचा गंज मुळावर चढतो.