पावसाळ्यासाठी टायर व चाकांची निवड

पावसाळ्यासाठी टायर व चाकांची निवड म्हणजे मोटारीचा वेग, वजन, रस्त्यांची स्थिती व पर्जन्यमान यांचा एकत्रित विचार करून टायरचा आकार, रबराचे मिश्रण, नक्षी आणि चाकाचा व्यास ठरवणे होय. युरोपातील थंड देशांत मोटारीला हिवाळ्यासाठी वेगळे टायर व बहुधा वेगळी चाके बसवतात. महाराष्ट्रात, विशेषतः कोकण किनारपट्टीवर व ठाणे जिल्ह्यात, टायरची खरी परीक्षा घेणारा ऋतू हिवाळा नसून पावसाळा आहे. मोठ्या व्यासाची चाके व कमी उंचीचे टायर असलेल्या वेगवान, म्हणजे ‘स्पोर्टी’ मोटारींच्या बाबतीत ही निवड अधिक अवघड ठरते. या लेखात भिवंडी परिसराच्या उदाहरणाने तिचे विवेचन केले आहे.

शब्द व संकल्पना

बैलगाडीच्या लाकडी चाकावर तापवून बसवलेल्या लोखंडी पट्टीला मराठीत ‘धाव’ म्हणतात. चाकाची झीज रोखणे हे धावेचे काम. मोटारीच्या हवा भरलेल्या रबरी धावेसाठी मात्र ‘टायर’ हाच शब्द रूढ झाला. त्याचे कामही वाढले: वजन पेलणे, धक्के शोषणे, वाहनाला दिशा देणे आणि ब्रेक लागताच रस्त्याला घट्ट धरून ठेवणे. प्रत्येक टायरचा रस्त्याला टेकणारा भाग सुमारे तळहाताएवढा असतो. मोटारीचे सारे नियंत्रण अशा चार तळहातांवर अवलंबून असते.

हिवाळी टायर व त्यांची मर्यादा

केवळ हिवाळ्यासाठी बनवलेला पहिला टायर फिनलंडमध्ये १९३४ साली मालमोटारींसाठी तयार झाला. सामान्य टायरचे रबर तापमान सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेल्यावर कडक होऊ लागते व त्याची पकड कमी होते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्यावरील बारीक चिरा बर्फाला धरतात. तीन शिखरांचा डोंगर व त्यात हिमकण असे चिन्ह या टायरच्या बाजूवर असते. जर्मनीत रस्त्यावर बर्फ, हिम किंवा गोठलेले पाणी असल्यास असे टायर वापरणे बंधनकारक आहे आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून तेथे हे चिन्ह असलेलेच टायर हिवाळी म्हणून ग्राह्य धरले जातात. तेथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही ऑक्टोबरमध्ये चाके बदलून ईस्टरच्या सुमारास पुन्हा बदलण्याचा प्रघात पाळावा लागतो.

भारतात हिवाळी टायरचा उपयोग काश्मीर, लडाख व हिमाचल प्रदेशाच्या उंच भागांपुरता आहे. भिवंडीतील डिसेंबर-जानेवारीची पहाटही ७ अंशांच्या बरीच वर असते. उष्ण डांबरावर हिवाळी टायर लवकर झिजतो, वळणावर लवचिक भासतो आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेकचे अंतर वाढवतो. त्यामुळे महाराष्ट्रात तो घेणे हितावह नाही. हिवाळी टायरची पद्धत येथे उचलण्याजोगी नसली, तरी तिच्यामागचा विचार उपयोगी आहे. युरोपात हिवाळ्यासाठी अनेकदा एक इंच लहान चाक व किंचित अरुंद, उंच बाजूचा टायर निवडतात. कोकणातील पावसाळ्यासाठीही हाच मार्ग बहुतेक वेळा योग्य ठरतो.

भिवंडी परिसरातील परिस्थिती

भिवंडी हे ठाणे जिल्ह्यातील यंत्रमागांचे व गोदामांचे शहर आहे. माणकोली, काल्हेर, राहनाळ, दापोडे, पूर्णा आदी गावांच्या परिसरात गोदामे पसरली असल्याने अवजड वाहनांची येथे सतत ये-जा असते. जून ते सप्टेंबर या काळात जिल्ह्यात साधारणपणे २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. भारतीय हवामान विभागाच्या वर्गीकरणानुसार २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस ‘जोरदार’ समजला जातो. असे दिवस येथे दर पावसाळ्यात येतात. अवजड वाहनांच्या चाकांखाली रस्त्यावर पडलेल्या चाकोऱ्यांत पाणी साचते, आणि साचलेल्या पाण्याखाली खड्डा असल्यास तो दिसत नाही.

समृद्धी महामार्गाने या परिस्थितीत एक नवी भर घातली. नागपूर ते मुंबई या ७०१ किलोमीटर लांबीच्या मार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. आमणे हे गाव भिवंडी तालुक्यातच आहे. या काँक्रीटच्या मार्गावर हलक्या वाहनांसाठी ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. तो संपताच वाहन मुंबई-नाशिक महामार्गाच्या वडपे ते माजिवडा या गजबजलेल्या भागाकडे वळते. परिणामी या भागातील मोटारीच्या टायरला एकाच प्रवासात दोन परस्परविरोधी कामे करावी लागतात: तासन्‌तास वेगाने धावताना निर्माण होणारी उष्णता सोसणे आणि काही मिनिटांतच पाण्याने भरलेल्या खड्ड्यांचे आघात झेलणे. समृद्धी महामार्गावर टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर परिवहन विभागाने २०२३ मध्ये तेथे वाहनांच्या टायरची तपासणी हाती घेतली होती.

पाण्यावरून तरंगणे

रस्त्यावर साचलेले पाणी बाजूला सारण्यास टायरला पुरेसा वेळ मिळाला नाही, तर टायर व रस्ता यांच्यामध्ये पाण्याची पाचर शिरते आणि टायर रस्त्यावरून उचलला जातो. अशा स्थितीत सुकाणू व ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने ३ मिलिमीटर खोल पाण्यातून जाताना १९५ मिलिमीटर रुंदीच्या एका टायरला दर सेकंदाला १० लिटरांहून अधिक पाणी दूर करावे लागते. हे काम टायरवरील खाचा करतात. खाचा झिजल्या की पाण्याला वाट राहत नाही.

अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेतील संशोधकांनी १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर प्रयोग करून दाखवले की तरंगण्याचा वेग टायरमधील हवेच्या दाबाच्या वर्गमुळाशी निगडित असतो. त्या सूत्रानुसार ३२ पीएसआय दाबाला हा वेग ताशी सुमारे ९४ किलोमीटर, तर २४ पीएसआय दाबाला सुमारे ८२ किलोमीटर येतो. मोटारीच्या बाबतीत खाचांची खोली, टायरची रुंदी व पाण्याची खोली यांमुळे प्रत्यक्ष आकडे बदलतात. परंतु दाब कमी केल्यास धोका वाढतो हा निष्कर्ष कायम राहतो. पावसात हवा कमी ठेवल्याने पकड वाढते, हा प्रचलित समज म्हणूनच चुकीचा आहे. कमी हवेचा टायर अधिक दबतो, अधिक तापतो, आणि खड्ड्यात त्याची बाजू रिमवर चेपली जाण्याचा संभव वाढतो.

ब्रेकच्या अंतरावरील परिणाम साध्या गणितानेही समजतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार घर्षणांक ०.७ असताना ब्रेक लागल्यापासून सुमारे ३६ मीटरवर थांबते, घर्षणांक ०.४ झाल्यास तेच अंतर सुमारे ६३ मीटर होते. चालकाचा प्रतिसादाचा वेळ यात धरलेला नाही. या २७ मीटरच्या फरकात पुढे थांबलेला ट्रक असू शकतो.

टायरवरील खुणांचे वाचन

टायरच्या बाजूवर ‘१९५/५५ आर १६ ८७ व्ही’ अशा स्वरूपाची नोंद असते. १९५ ही मिलिमीटरमधील रुंदी. ५५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के. ‘आर’ हे त्रिज्यीय रचनेचे अक्षर. १६ हा रिमचा इंचांतील व्यास. ८७ हा भारांक, म्हणजे एका टायरची वहनक्षमता ५४५ किलोग्रॅम. आणि ‘व्ही’ म्हणजे ताशी २४० किलोमीटर ही वेगमर्यादा. ‘टी’ अक्षराची मर्यादा १९०, तर ‘एच’ची २१० किलोमीटर असते. बदली टायरचा भारांक व वेगाक्षर वाहन निर्मात्याने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कमी असू नये.

चार अंकांच्या नोंदीतून निर्मितीचा काळ कळतो. ‘२३२४’ याचा अर्थ २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात दीर्घकाळ पडून राहिलेल्या टायरचे रबर, खाचा कोऱ्या असूनही, कडक झालेले असू शकते. म्हणून खरेदीच्या वेळी ही नोंद पाहणे अगत्याचे आहे. मोटारीच्या टायरवर भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्हही असावे लागते.

खाचांच्या तळाशी असलेले लहान उंचवटे झीज दर्शवतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ अन्वये मोटारीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. नव्या टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर असते. कायद्याची मर्यादा ही किमान अट आहे. मुसळधार पावसाच्या प्रदेशात खाच ३ मिलिमीटरवर आली की जूनपूर्वीच टायर बदलणे श्रेयस्कर मानले जाते.

चाकाचा व्यास व टायरची उंची

वेगवान मोटारीला मोठी चाके शोभतात, अशी सर्वसाधारण धारणा आहे. मोठ्या चाकावर टायरची बाजू आखूड असल्याने वळणावर ती कमी लवते व सुकाणूला प्रतिसाद चटकन मिळतो, हे खरे आहे. परंतु खड्ड्याचा धक्का शोषण्यासाठी रबर व हवा यांचा थर त्याच प्रमाणात कमी होतो. एकूण व्यास जवळपास सारखा ठेवून तीन पर्यायांची तुलना पुढीलप्रमाणे करता येते.

१८५/६५ आर १५: बाजूची उंची सुमारे १२० मिलिमीटर, एकूण व्यास सुमारे ६२२ मिलिमीटर.
१९५/५५ आर १६: बाजूची उंची सुमारे १०७ मिलिमीटर, एकूण व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर.
२०५/४५ आर १७: बाजूची उंची सुमारे ९२ मिलिमीटर, एकूण व्यास सुमारे ६१६ मिलिमीटर.

पंधरा इंची व सतरा इंची पर्यायांत बाजूच्या उंचीचा फरक सुमारे २८ मिलिमीटर आहे. तीक्ष्ण कडेच्या खड्ड्यात याच फरकावर टायर वाचणे किंवा फाटणे अवलंबून असते. शिवाय अरुंद टायर त्याच वजनाखाली पाणी अधिक सहज कापतो. भिवंडीसारख्या ठिकाणी रोज फिरणाऱ्या मोटारीसाठी निर्मात्याने मान्य केलेला सर्वांत लहान व्यास हा सामान्यतः सर्वांत सुरक्षित पर्याय ठरतो. एकूण व्यास बदलल्यास वेगदर्शक चुकीचा आकडा दाखवतो आणि चाकांच्या फिरण्यावरून काम करणाऱ्या ब्रेकप्रणालीच्या गणितातही फरक पडतो. म्हणून तो शक्य तितका मूळ मापाजवळ ठेवतात. वेगवान मोटारींचे ब्रेक मोठे असल्याने लहान चाक त्यांवर बसते की नाही, हेही आधी तपासावे लागते.

चाकांचा प्रकार

पोलादी चाक जड असते, पण आघाताने ते बहुधा वाकते. ओतीव अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचे, म्हणजे प्रचलित भाषेतील ‘अलॉय’ चाक हलके व देखणे असते, मात्र जोरदार आघाताने त्याला तडा जाऊ शकतो. वितळवून जोडलेल्या तड्याची ताकद मूळ धातूइतकी राहील याची खात्री नसते. वेगवान वाहनाला असे चाक वापरू नये. घडीव मिश्रधातूचे चाक हलके व बळकट असते, परंतु महाग पडते.

चाक निवडताना व्यास व रुंदीखेरीज बोल्टांची संख्या व त्यांच्या वर्तुळाचा व्यास, मधल्या छिद्राचे माप आणि चाकाची आतबाहेर सरक या बाबी जुळाव्या लागतात. सरक चुकल्यास टायर आतल्या बाजूला घासतो किंवा मडगार्डबाहेर येऊन चिखल उडवतो व बेअरिंगवर अनावश्यक ताण टाकतो.

नक्षी व रबर

शर्यतीच्या धावपट्टीसाठी बनवलेल्या टायरमध्ये खाचा कमी व रबर अतिशय मऊ असते. कोरड्या रस्त्यावर ते उत्कृष्ट, पण साचलेल्या पाण्यात धोकादायक ठरतात. पावसाळ्यासाठी रुंद उभ्या खाचा असलेली, असममित किंवा एकदिशीय नक्षी उपयुक्त असते. एकदिशीय टायरवरील बाण फिरण्याच्या दिशेनेच असला पाहिजे. तो उलटा बसल्यास पाणी बाहेर टाकण्याची क्षमता घटते. रबरातील सिलिकाचे प्रमाण ओल्या रस्त्यावरील पकड सुधारते. ओली पकड, घरंगळण्याचा रोध व आवाज यांविषयीची मानके भारतात जून २०२२ च्या अधिसूचनेने लागू करण्यात आली.

देखभाल

हवेचा दाब टायर थंड असताना, दरवाजाच्या चौकटीवर दिलेल्या आकड्यानुसार तपासतात. समृद्धीसारख्या मार्गावर जाण्यापूर्वी ही तपासणी विशेष महत्त्वाची आहे. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. निव्वळ नायट्रोजन भरल्याने दाबाच्या तपासणीतून सुटका होत नाही.

दोनच नवे टायर घ्यायचे असल्यास ते मागील चाकांना बसवण्याची शिफारस केली जाते. पुढच्या चाकांची पकड सुटल्यास मोटार सरळ घसरते व वेग कमी करताच बहुधा आटोक्यात येते. मागची पकड सुटल्यास ती गर्रकन फिरते आणि सामान्य चालकाला सावरता येत नाही.

खड्ड्यात आदळल्यानंतर टायरच्या बाजूला फुगा आल्यास आतील धागे तुटले आहेत असे समजावे. त्याची दुरुस्ती होत नाही. टायर तत्काळ बदलावा लागतो. असा फुगा कित्येकदा टायरच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला येतो. म्हणून मोठा आघात झाल्यावर चाक उतरवून दोन्ही बाजू तपासणे व अलाइनमेंट करून घेणे आवश्यक असते. अनेक नव्या मोटारींत स्टेपनीऐवजी केवळ पंक्चर दुरुस्तीचा संच दिलेला असतो. फाटलेल्या बाजूवर त्याचा उपयोग होत नाही. खड्ड्यांच्या प्रदेशात राहणाऱ्यांनी मोटार घेतानाच ही बाब ध्यानात घेणे इष्ट ठरते.