नगरसेवक नसलेली चार वर्षं आणि कबरस्तानची वाट



२०२३ च्या पावसाळ्यात, बिरड्याच्या सणाच्या आसपास, माझ्या चुलतभावाचा गावाहून फोन आला. "ताई, कबरस्तानच्या वाटेवरचं गटार खचलं गं. बाबांच्या कबरीपर्यंत जायचं तर गुडघाभर पाण्यातनं जावं लागतं."

मी सहज म्हटलं, "मग नगरसेवकाला सांग ना."

"कुठला नगरसेवक? दीड वर्ष झालं, गावात नगरसेवकच नाही कोणी."

मी येरुहामला राहते. इथे मोआत्साचं दार माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. गावाला नगरपरिषद आहे पण नगरसेवक नाहीत, हे मला काही समजेना. आपल्यापैकी पुष्कळांची घरं, मशिदी आणि वाडवडिलांच्या कबरी अजून कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या रायगडात आहेत. तेव्हा मुंबईच्या मंत्रालयात झालेला निर्णय आपल्या आळीच्या गटारापर्यंत कसा येतो, हे मला जसं कळत गेलं तसं लिहिते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ज्या कचेरीची ही गोष्ट आहे तिथे भावाला अजून जायचं-यायचं आहे.

रायगडातल्या बहुतेक नगरपरिषदांची निवडणूक २०१६ च्या अखेरीस झाली होती. भारताच्या राज्यघटनेत ७४ व्या दुरुस्तीने कलम २४३-यू आलं. त्याप्रमाणे नगरपरिषदेची मुदत पाच वर्षं, आणि पाच म्हणजे पाचच. ती वाढवता येत नाही, संपायच्या आत नवी निवडणूक घ्यायची. म्हणजे २०२१ च्या शेवटी किंवा २०२२ च्या सुरुवातीला नवे नगरसेवक यायला हवे होते. मुदत संपली, जुने घरी गेले, आणि नवे आलेच नाहीत.

का आले नाहीत? मुख्य कारण ओबीसी आरक्षण. मार्च २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की स्थानिक संस्थांत ओबीसींना जागा राखून ठेवायच्या तर तीन गोष्टी करा. स्वतंत्र आयोग नेमा, त्या त्या गावाची माहिती गोळा करा, आणि सगळं आरक्षण मिळून ५० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. माहिती हातात नव्हती. सरकारने वटहुकूम काढला, डिसेंबरमध्ये कोर्टाने तो थांबवला. ओबीसी जागांशिवाय निवडणूक घ्यायला कुठलाच पक्ष तयार नव्हता. २०२२ च्या मार्चमध्ये विधिमंडळाने प्रभाग पाडण्याचं काम राज्य निवडणूक आयोगाकडून काढून सरकारकडे घेतलं. जूनअखेर सरकारच बदललं, आणि नव्या सरकारने जुन्याचे निर्णय फिरवले. जुलैत बांठिया आयोगाचा अहवाल आला, ऑगस्टमध्ये कोर्टाने 'जैसे थे' म्हटलं. ते जैसे थे ६ मे २०२५ पर्यंत चाललं. त्या दिवशी कोर्टाने सांगितलं, बांठिया आयोगाच्या आधीची ओबीसी आरक्षणाची जी स्थिती होती ती धरून निवडणुका घेऊन टाका.

आता इथलं बघा. आपल्याकडे नगरपालिकांची निवडणूक ३१ ऑक्टोबर २०२३ ला व्हायची होती. युद्ध सुरू झालं, ती पुढे गेली आणि २७ फेब्रुवारी २०२४ ला झाली. सीमेजवळच्या गावांत तर नोव्हेंबर २०२४ उजाडला. पण मधल्या काळात जुनेच महापौर आणि जुन्याच मोआत्सा काम बघत होत्या. आपल्या तक्रारीला दार होतं. महाराष्ट्रात उलट. घटनाकारांनी पाच वर्षांची वेस घातली ती सरकारने निवडणूक टाळू नये म्हणून, आणि निवडणूक टळलीच तर त्याच वेशीमुळे निवडून आलेला माणूस बाहेर आणि सरकारी अधिकारी आत. त्या अधिकाऱ्याला प्रशासक म्हणतात. पुष्कळ गावांत मुख्याधिकारीच प्रशासक झाले.

हे काय ते नीट सांगायला हवं. मुख्याधिकारी हा राज्य सरकारने पाठवलेला नोकर, त्याची बदली सरकार करतं. नेहमीच्या दिवसांत तो प्रस्ताव मांडतो, नगरसेवकांची सर्वसाधारण सभा ठराव करते, आणि मग तो काम करतो. प्रशासक असताना सभेचे अधिकारही त्याच्याकडेच. म्हणजे मागणारा तोच, मंजूर करणारा तोच, हिशेब ठेवणाराही तोच. सभागृहात उठून "त्या गटाराचं काय झालं?" विचारणारं कोणी नाही.

भाऊ अर्ज घेऊन गेला. शिक्का मारून पोच मिळाली. एस्टिमेट झालं की तांत्रिक मंजुरी, मग प्रशासकीय मान्यता, मग निविदा, असं त्याला सांगितलं. सहा महिन्यांनी गेला तर साहेबांची बदली झालेली. नवे साहेब म्हणाले, फाईल बघतो. पुढच्या बिरड्याच्या सणाला पुन्हा तोच फोन, पुन्हा तेच पाणी. त्या वर्षी आमच्या आत्याला पुरायला नेलं तेव्हा चार जणांनी मयत पाण्यातून उचलून नेली. मी इथे फोनवर ऐकत होते.

प्रशासक म्हणजे वाईटच, असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्या येरुहामला २००५ मध्ये मिसराद हाप्निमने मोआत्सा बरखास्त करून नेमलेली समिती आणली आणि आम्राम मित्स्ना यांना प्रमुख केलं. २०१० पर्यंत ते होते. त्यांच्याबद्दल गावात अजून पुष्कळ जण चांगलं बोलतात. पण ते एका गावासाठी, ठरवून आले होते आणि इथेच राहिले. महाराष्ट्रात शेकडो गावांत एकाच वेळी प्रशासक होते, आणि ते गाव सुधारायला नव्हते नेमले. निवडणूक झाली नाही म्हणून ते होते, एवढंच. त्यांनी ज्याला सरकारी योजना आहे ती कामं केली. नगरोत्थानचे पैसे आले तर रस्ता झाला. पंधरा-वीस फूट गटार कुठल्याच योजनेत बसत नाही. असली कामं पूर्वी नगरसेवकच पाठीस लागून करून घ्यायचा.

यावर कोणी म्हणेल, नगरपरिषदेने स्वतःच्या पैशातून करावं. तर तोही जुना निर्णय आहे. आमच्या लहानपणी गावाच्या वेशीवर जकात नाका होता. भाताच्या गाड्या तिथे थांबायच्या. १९९९ मध्ये राज्य सरकारने नगरपरिषदांची जकात बंद केली आणि बदल्यात अनुदान देऊ केलं. व्यापाऱ्यांची कटकट गेली, ते बरंच झालं. पण तेव्हापासून नगरपरिषदेच्या हातात स्वतःचं असं घरपट्टी, पाणीपट्टी, बाजारातल्या गाळ्यांचं भाडं एवढंच उरलं. बाकी सगळं मुंबईहून यायचं. मोठ्या महानगरपालिकांची जकात नंतर गेली, मुंबईची तर २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर.

घरपट्टीवरून आठवलं. येरुहाम, दिमोना, लोद इथून मला नेहमी दोन प्रश्न येतात. पहिला: "५०० फुटांखालच्या घराला माफी आहे ना?" ती माफी २०२२ पासून फक्त मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. अलिबाग, पेण, मुरूडला ती लागू नाही. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढते, ती भारी पडते. ती काही अंशी माफ करायला सरकारने २०२५ मध्ये अभय योजना आणली, तेव्हा ज्यांची थकबाकी असेल त्यांनी कचेरीत चौकशी करावी. दुसरा प्रश्न: "घरपट्टीला माझं नाव लागलं, आता घर माझं ना?" नाही. ते कर वसुलीपुरतं. मालकीसाठी सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक बघायचं. आणि ओसीआय कार्ड असलं तरी आपल्याला तिथे मत नाही. पट्टी भरायची, मत द्यायचं नाही, अशी आपली गत.

पनवेलकरांचं आणखी वेगळं. १ ऑक्टोबर २०१६ ला सरकारने पनवेल नगरपरिषद मोडून महानगरपालिका केली. खारघर, कामोठे, कळंबोली त्यात आले. सिडकोच्या वसाहतीतले लोक सिडकोला सेवाशुल्क भरत होते, त्यांना महापालिकेने २०१६ पासूनची मालमत्ता कराची बिलं पाठवली. ते भांडण हायकोर्टापर्यंत गेलं. आणि नवगाव, जिथे आपले पूर्वज जहाज फुटून किनाऱ्याला लागले असं आपण मानतो, ते गाव नगरपरिषदेत नाही, तिथे ग्रामपंचायत. तेव्हा तक्रार लिहिण्याआधी आपली जागा कोणाच्या हद्दीत आहे ते विचारून घ्या, नाहीतर अर्ज सहा महिने चुकीच्या टेबलावर पडून राहतो.

शेवटी २ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं. काही ठिकाणचं २० डिसेंबरला गेलं, म्हणून मोजणी सगळ्यांची २१ ला. एका माणसाने तीन मतं द्यायची होती, प्रभागातले दोन नगरसेवक आणि एक नगराध्यक्ष. इथे आपण पिवळी चिठ्ठी प्रमुखासाठी आणि पांढरी यादीसाठी टाकतो, साधारण तसंच. फरक असा की इथे प्रमुखाची थेट निवडणूक १९७८ पासून चालू आहे आणि तिला कोणी हात लावला नाही. महाराष्ट्रात नगराध्यक्ष २००१ ला थेट लोकांनी निवडला, २००६ ला नगरसेवकांनी, २०१६ ला परत लोकांनी. २०२० मध्ये कायदा पुन्हा नगरसेवकांकडे गेला, २०२२ मध्ये पुन्हा लोकांकडे आला. ज्या सरकारला जे सोयीचं ते त्याने केलं, माझं स्पष्ट मत आहे.

दोन नगरसेवकांच्या प्रभागाचंही आपल्यासारख्यांना सोयीचं नाही. प्रभाग मोठा झाला की आपली मूठभर मतं त्यात विरघळतात. एकाकडे गेलं तर तो दुसऱ्याचं नाव सांगतो. २०१६ मध्ये राज्याने यहुदी समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला याचा आनंद आहेच, पण त्याने नगरपरिषदेत जागा मिळत नाही. तिथे राखीव जागा अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी आणि निम्म्या महिलांसाठी.

आमच्या प्रभागातली एक जागा महिलेची होती. नवी नगरसेविका जानेवारीत कबरस्तानची वाट बघायला आली. वाट कोरडी होती, पण खचलेले दगड दिसत होते. भावाने सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काका, तुमच्या लोकांची मतं किती?"

"आता सात," भाऊ म्हणाला. "बाकीचे सगळे आत आहेत." आणि त्याने फाटकाकडे बोट दाखवलं.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, सात तर सात, पाऊस यायच्या आत बघू. नगरपरिषदेचं अंदाजपत्रक फेब्रुवारीअखेरपर्यंत मंजूर व्हावं लागतं, म्हणून तिने घाई केली. सभेच्या विषयपत्रिकेचा फोटो भावाने मला पाठवला. विषय क्रमांक १४, रस्त्यालगतच्या गटाराची दुरुस्ती. मी विचारलं, कबरस्तान हा शब्द का नाही लिहिला? भाऊ म्हणाला, "राहू दे ताई. रस्ता म्हटलं की पैशाला खातं सापडतं."