भूमितीची चिन्हे : वर्गीकरण, उगम आणि उपयोग

भौमितिक विधाने अल्प जागेत आणि निःसंदिग्धपणे मांडण्यासाठी ज्या खुणा वापरतात, त्यांना भूमितीची चिन्हे म्हणतात. इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास युक्लिडने आपला ग्रंथ रचला, तेव्हा बिंदूंना अक्षरे होती. परंतु संबंध शब्दांतच लिहिले जात. आजची बहुतेक चिन्हे सोळाव्या शतकानंतर युरोपात घडली.

या चिन्हांचे तीन वर्ग पडतात. वस्तुदर्शक चिन्हे आकृतीचा घटक सांगतात : ∠ कोन, Δ त्रिकोण. संबंधदर्शक चिन्हे दोन घटकांतील नाते सांगतात : ⊥ लंब, ∥ समांतर, ~ समरूप, ≅ एकरूप. तर्कदर्शक चिन्हे सिद्धतेचा प्रवाह दाखवतात : ∵ म्हणजे कारण, ∴ म्हणजे म्हणून.

कोन व लंब यांची चिन्हे फ्रेंच गणिती पिएर एरिगोन याने १६३४ मध्ये छापली. वेल्सच्या रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये समान चिन्हासाठी दोन समांतर रेघा निवडल्या, कारण त्यांच्याहून अधिक सारख्या दोन वस्तू असू शकत नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. समांतरतेचे उभ्या रेघांचे चिन्ह विल्यम ऑट्रेडच्या मरणोत्तर १६७७ मध्ये प्रकाशित झालेल्या लेखनात आढळते. ∴ हे चिन्ह स्विस गणिती योहान रान याने १६५९ मध्ये वापरले. वर्तुळाच्या परिघाचे व्यासाशी असलेले गुणोत्तर π या ग्रीक अक्षराने १७०६ मध्ये विल्यम जोन्सने दर्शवले आणि पुढे ऑयलरमुळे ते रूढ झाले.

समरूपता व एकरूपता यांची चिन्हे लाइब्नित्सच्या विचारातून आली. आजच्या ≅ या चिन्हाच्या वरच्या भागात समरूपतेची नागमोडी रेघ, तर खाली समानतेच्या दोन रेघा आहेत. आकार सारखा आणि माप समान, ही एकरूपतेची व्याख्याच त्यात सामावली आहे.

चिन्हे केवळ जागा वाचवत नाहीत. ती भेद जपतात. रेख कख हा बिंदूंचा संच आहे, तर त्याची लांबी ही संख्या आहे. म्हणून दोन रेख एकरूप असतात आणि त्यांच्या लांबी समान असतात. एकासाठी ≅ व दुसऱ्यासाठी = लिहिणे हा काटेकोरपणाचा भाग आहे. अक्षरांचा क्रमही अर्थ वाहतो. Δ कखग ≅ Δ पफब असे लिहिले की क ची संगती प शी, ख ची फ शी व ग ची ब शी लागते. त्यावरूनच बाजू कख व बाजू पफ एकरूप ठरतात. क्रम बदलला, तर विधानही बदलते.

आकृतीतील खुणांची लिपी याला पूरक आहे. काटकोनाला लहान चौकोन, एकरूप बाजूंना सारख्या आडव्या रेघा, एकरूप कोनांना सारखे कंस, तर समांतर रेषांना बाण काढतात. महाराष्ट्रातील विद्यार्थी पक्ष, साध्य, सिद्धता या क्रमाने प्रमेय लिहितो आणि ‘बाकोबा’ (बाजू-कोन-बाजू), ‘कोबाको’ (कोन-बाजू-कोन) अशा संक्षिप्त नावांनी एकरूपतेच्या कसोट्या उद्धृत करतो. कसोट्यांची ही नावे मराठीची आहेत, चिन्हे मात्र जगभर वाचली जातात. त्यामुळे मराठीतून भूमिती शिकलेल्या विद्यार्थ्याला परभाषेतील पुस्तकातही सिद्धतेचा गाभा ओळखता येतो.