तेरा जहाजे आणि पावणेदोन कोटी तिकिटे

दक्षिण कोरियात चित्रपटाचे यश गल्ल्यापेक्षा विकलेल्या तिकिटांवरून मोजण्याची रीत आहे. ३० जुलै २०१४ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘म्यंगन्यांग’ची तब्बल १ कोटी ७६ लाख तिकिटे विकली गेली. देशाची लोकसंख्या सुमारे पाच कोटी! पहिली एक कोटी तिकिटे तर अवघ्या बारा दिवसांत खपली.

किम हान-मिन दिग्दर्शित या चित्रपटात सेनापती यी सुन-शिन यांची भूमिका चोई मिन-शिक यांनी केली. कथा १५९७ची. जपान्यांविरुद्धच्या चिलचॉनर्यांगच्या लढाईत कोरियाचे आरमार जवळजवळ बुडाले होते. उरलेली तेरा जहाजे घेऊन यींनी उल्दोलमोकच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत १३३ जपानी युद्धनौकांना रोखले. तिथल्या भरती-ओहोटीचा प्रवाह अतिशय वेगवान, आणि ठरावीक वेळी दिशा पालटणारा. शत्रूची संख्या त्या अरुंद वाटेत निरुपयोगी ठरली.

प्रेक्षकांची मते मात्र एकसुरी नव्हती. तासभर चालणाऱ्या समुद्रयुद्धाने बहुतेकांना खिळवून ठेवले. पूर्वार्ध रेंगाळतो, जपानी पात्रे उथळ आहेत, असेही अनेकांनी बोलून दाखवले. ही देशभक्तीची नशा आहे, अशी टीका झाली. एकाच चित्रपटाने एवढे पडदे अडवावेत का, यावरही वाद रंगला. सर्वांत तीव्र आक्षेप आला तो बे सॉल या अधिकाऱ्याच्या वंशजांचा. इतिहासात तो लढाईआधीच पळून गेला होता. पडद्यावर त्याला यींचे कासव-जहाज (कासवासारखी वरून झाकलेली युद्धनौका) जाळणारा आणि यींच्या जिवावर उठणारा दाखवले. वंशजांनी चित्रपटकर्त्यांविरुद्ध थेट पोलिसांत तक्रार नोंदवली.

एवढे खटकूनही लोकांची रीघ का लागली? त्याच वर्षी १६ एप्रिलला ‘सेवोल’ ही प्रवासी बोट बुडून ३०४ जणांचा मृत्यू झाला होता. त्यांत बहुतांश शाळकरी मुले होती. प्रवाशांना जागीच थांबायला सांगून कप्तान स्वतः निसटला. दुर्घटना घडली ती जिन्दो बेटाजवळ, आणि उल्दोलमोकची सामुद्रधुनी याच बेटाला लागून आहे. पडद्यावरचे यी मात्र बाकीची जहाजे मागे रेंगाळत असताना एकट्याने पुढे जातात; सेनापतीची निष्ठा जनतेशी असावी, असे मुलाला सांगतात. संकटात जागा न सोडणारा नेता कसा असतो, हे पाहण्याची त्या उन्हाळ्यात कोरियन माणसाला निकड होती.

याच दिग्दर्शकाने यींवर पुढे आणखी दोन चित्रपट काढले. २०२२च्या ‘हानसान’ला सुमारे ७३ लाख प्रेक्षक मिळाले, २०२३च्या ‘नोर्यांग’ला त्याहूनही कमी. नायक तोच, आरमार तेच, देशाभिमानही तोच. म्हणून ‘म्यंगन्यांग’च्या विक्रमाला केवळ देशभक्तीची लाट म्हणणे त्या प्रेक्षकांवर अन्याय करणारे आहे. चित्रपटातले दोष त्यांना दिसत होते, आणि आपल्याला कसली माणसे हवी आहेत हेही त्यांना पक्के ठाऊक होते.