बातमीची निवड आणि वाचकाची इच्छा

वाचकाची आवड ओळखून मोबाईलवर बातम्या पुरविणाऱ्या अल्गोरिदमविषयी तक्रारी पुष्कळ ऐकू येतात. तथापि अशी निवड वाचकाला मुळातच नको आहे, असे मानणे चुकीचे ठरेल. ऑक्सफर्डच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटने 2016 साली अनेक देशांत केलेल्या पाहणीत, पूर्वीच्या वाचनावरून बातम्या निवडण्यास 36 टक्के लोकांनी पसंती दिली. संपादकांच्या निवडीला 30 टक्क्यांनी. मात्र महत्त्वाची बातमी नजरेतून निसटेल, ही भीतीही निम्म्याहून अधिकांनी बोलून दाखविली. यात विसंगती दिसते खरी, पण ती वरवरची आहे. लोकांना निवडीचे कष्ट वाचवायचे आहेत, निवडीवरचा हक्क सोडायचा नाही.

रायगडच्या किनाऱ्यावर हा भेद स्पष्ट दिसतो. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था उपग्रहांनी टिपलेले समुद्राचे तापमान आणि हरितद्रव्य यांवरून मासळी कोठे सापडण्याचा संभव आहे, हे कळविते. दिशा, अंतर आणि खोली बंदरागणिक दिलेली असते. गिऱ्हाईकागणिक बेतलेली बातमी म्हणतात ती याहून वेगळी काय असते? परंतु येथे निवड ठरते ती बंदरावरून. कोळ्याने काल रात्री मोबाईलवर काय पाहिले, यावरून नव्हे. शिवाय समुद्र खवळला की ही सूचना थांबविली जाते. गिऱ्हाईक खूश राहावे म्हणून मासळीचे आमिष दाखवीत राहण्याचा मोह या व्यवस्थेला नाही.

3 जून 2020 रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन-मुरुडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. त्याचा इशारा हवामानाच्या बातम्यांकडे कधीही न वळणाऱ्यालाही मिळणे आवश्यक होते. आवडीच्या हिशेबात असल्या बातमीला जागा कोठून मिळणार?

संपादकाची निवड निःपक्षपाती असते, असा मात्र याचा अर्थ नव्हे. चरीच्या शेतकरी संपाच्या काळात, 1937 साली, नारायण नागू पाटलांनी सुरू केलेले 'कृषीवल' उघडपणे कुळांच्या बाजूचे होते. पण बाजू उघड असल्यामुळे वाचकाला ती तोलून घेता येत होती, पटली नाही तर भांडताही येत होते.

आज वाचकाला आपला तालुका, आपले पीक, आपले बंदर स्वतः सांगता आले पाहिजे; कालची आवड पुसूनही टाकता आली पाहिजे. करमणुकीची चार चित्रे पाहिली म्हणून सुपारीच्या भावाची बातमी मागे पडली, तर त्याचा जाब कोणाला विचारावा, हे श्रीवर्धनच्या बागायतदाराला ठाऊक नाही.