माणूस चांगला जन्मतो की घडवावा लागतो?

रांगणारे मूल विहिरीच्या काठाशी पोहोचले आहे, आता पडणार. ते पाहणाऱ्या कुणाच्याही काळजात धस्स होते. त्या क्षणी मुलाच्या आईबापांची मर्जी संपादन करावी किंवा गावात वाहवा मिळवावी, असा हिशेब कुणी करत नाही. इ.स.पू. चौथ्या शतकात मेन्शियस या चिनी विचारवंताने हा दाखला दिला, आणि त्यावरून सुरू झालेला वाद दोन हजार वर्षे चालला. मेन्शियसचे शब्द मात्र जपून वाचायला हवेत. पाहणारा धावत जाऊन मुलाला वाचवेलच, असे तो म्हणत नाही. तो बोलतो ते फक्त त्या धस्स होण्याबद्दल. चांगुलपणाचा अंकुर एवढाच असतो. तो वाढवणे हे पुढचे काम.

कन्फ्यूशियसने (इ.स.पू. 551–479) या प्रश्नावर फारसे भाष्य केलेले नाही. माणसे स्वभावाने एकमेकांच्या जवळ असतात, सवयींमुळे लांब जातात, एवढेच त्याच्या नावावर सापडते. त्याच्यानंतर चीनमधली राज्ये एकमेकांवर तुटून पडली. सैन्ये मोठी झाली, शेते ओस पडली. अशा काळात माणूस मुळात कसा आहे हा प्रश्न राज्य कसे चालवायचे याच्याशी थेट जोडलेला होता.

गाओ-त्झ नावाच्या विचारवंताचे म्हणणे होते की स्वभाव पाण्यासारखा असतो. पूर्वेला वाट करून द्या, पूर्वेला वाहील. पश्चिमेला द्या, पश्चिमेला. मेन्शियसने त्याचाच दाखला त्याच्यावर उलटवला. पाण्याला पूर्व-पश्चिम नसेल, पण वर-खाली तर आहे ना? हाताने उडवले तर ते कपाळाच्याही वर जाते, पण तो पाण्याचा स्वभाव नव्हे, ती बळजबरी. माणूस वाईट वागतो तोही परिस्थितीच्या अशाच रेट्यामुळे.

मग हा अंकुर वाढवायचा कसा? ची राज्याचा राजा श्वान याच्याशी मेन्शियसचा झालेला संवाद इथे मोलाचा आहे. नव्या घंटेला रक्ताचा अभिषेक करण्यासाठी एक बैल दरबारासमोरून नेला जात होता. त्याचे थरथरणे राजाला बघवेना. बैल सोडा, मेंढी घ्या, असे त्याने फर्मावले. राजा कंजूष आहे, महागडे जनावर वाचवतो, अशी प्रजेत कुजबुज झाली. मेन्शियसने त्याला समजावले की तुम्ही बैल डोळ्यांनी पाहिलात, मेंढी पाहिली नाहीत, म्हणून असे घडले; त्यात कंजूषपणा नाही, करुणा आहे. आणि लगेच पुढचा प्रश्न टाकला: जी करुणा बैलापर्यंत पोहोचते, ती प्रजेपर्यंत का पोहोचत नाही? मेन्शियसच्या लेखी आत्मविकास म्हणजे हेच. जवळच्यांसाठी सहज वाटणारी कळकळ हळूहळू दूरच्यांपर्यंत न्यायची.

इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या शुन-त्झला हे भाबडे वाटले. ची राज्याची राजधानी लिन्झी येथील प्रसिद्ध विद्याकेंद्रात तो मानाच्या जागेवर होता. माणूस जन्मतः फायद्यामागे धावणारा, मत्सरी आहे. मोकाट सोडला तर भांडणे अटळ आहेत, असे त्याने ठासून मांडले. वाकडे लाकूड वाफवून, साच्यात दाबून सरळ करावे लागते. बोथट पाते दगडावर घासल्याशिवाय त्याला धार येत नाही. माणसालाही तसेच गुरू, ग्रंथ आणि विधी-रीतींची शिस्त लागते. शोक कसा करावा, थोरांपुढे कसे उभे राहावे, संगीत कोणते ऐकावे, हे सारे त्याच्या लेखी माणूस घडवण्याचे काम होते.

एवढा टोकाचा मतभेद असूनही दोघांचा एक निष्कर्ष सारखाच आहे. रस्त्यावरचा कोणताही माणूस संतपदाला पोहोचू शकतो, हे दोघेही मानतात. चांगुलपणा कुळावरून ठरत नाही. म्हणूनच या वादाचे खरे मोल ‘माणूस चांगला की वाईट’ या निकालात नाही, तर रोज उठून स्वतःवर काय काम करायचे, या प्रश्नात आहे.

निकाल मात्र मेन्शियसच्या बाजूने लागला. बाराव्या शतकात चू शी या विचारवंताने मेन्शियसच्या ग्रंथाला चार प्रमाणग्रंथांत स्थान दिले. मूळ स्वभाव निर्मळच असतो, देहाच्या घडणीने तो झाकोळतो; म्हणून ग्रंथ वाचा, एकेका वस्तूचा शोध घ्या, अशी त्याची शिकवण होती. 1313च्या फर्मानाने त्याची भाष्ये सरकारी परीक्षांचा पाया झाली, आणि 1905मध्ये त्या परीक्षा बंद होईपर्यंत हजारो तरुणांनी ती पाठ केली. शुन-त्झच्या नावाची स्मृतिपाटी तर 1530मध्ये कन्फ्यूशियसच्या मंदिरांतून काढून टाकण्यात आली.

चू शीची वाट सर्वांना मानवली नाही. वांग यांगमिंग (1472–1529) तरुणपणी ‘वस्तूचा शोध’ घ्यायला एका मित्रासह बांबूंसमोर बसला. मित्र तीन दिवसांत थकून आजारी पडला, वांग सातव्या दिवशी. पुढे एका बलाढ्य दरबाऱ्याचा रोष ओढवल्यामुळे त्याला फटक्यांची शिक्षा झाली आणि दूर ग्वेजोऊच्या डोंगराळ मुलखात पाठवण्यात आले. तिथे 1508मध्ये त्याला उमगले की शोधायचे ते बाहेर नसून आपल्याच मनात आहे. आईवडिलांची सेवा करावी हे ‘माहीत’ आहे पण करत नाही, असे म्हणणाऱ्याला ते माहीतच नाही, असे तो सांगू लागला.

अठराव्या शतकात दाय चन या विद्वानाने या साऱ्या परंपरेला एक बोचरा प्रश्न विचारला. वासना दडपून निर्मळ व्हा, हा उपदेश प्रत्यक्षात कोण कुणाला करतो? वडीलधारे धाकट्यांना, अधिकारी गरिबांना. कायद्याने मेलेल्याची कुणाला तरी दया येते, तत्त्वाच्या नावाखाली मेलेल्याची कुणालाच येत नाही, असे त्याने लिहिले. भूक आणि ऊब यांची ओढ हीसुद्धा माणसाच्या स्वभावाचाच भाग आहे. आपल्यासारखीच ती दुसऱ्यालाही आहे हे ओळखून वागणे, हा त्याने सुचवलेला आत्मविकास. 1777मध्ये तो वारला, तेव्हा लोक त्याला प्राचीन ग्रंथांच्या भाषेचा पंडित म्हणून ओळखत होते. त्याच्या या विचारांची खरी दखल विसाव्या शतकात घेतली गेली; तोवर त्या सरकारी परीक्षाही संपल्या होत्या आणि त्या घेणारी राजसत्ताही.